दैवशाला कासारणीचा आवाज

चिंचसांगवीत रेडिओ सुरू झाला तेव्हा गावानं त्याला नव्याचे नऊ दिवससुद्धा दिले नाहीत. उमरग्याकडून गावात शिरताना डाव्या हाताला माळ लागतो आणि माळावर बंद पडलेली जिनिंग. तिच्या काटाघरात, म्हणजे कापूस तोलायच्या खोलीत, महारुद्र सरांनी हा संसार मांडला. सर शाळेतून निवृत्त झालेले, गावातल्या एका संस्थेचे सचिव. निवृत्त मास्तराला ऐकणारे मिळेनासे झाले की त्याचं जेवण पचत नाही, हे गावाला ठाऊक होतं, त्यामुळं त्यांच्या खटाटोपाचं कुणाला नवल वाटलं नाही. त्यांनी हेलपाटे घालून परवाना आणला, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले, अंगणात उंच मनोरा उभा केला आणि नाव ठेवलं 'रेडिओ चावडी'. मनोरा उभा राहिला त्याच दिवशी त्याच्या शेंड्यावर कावळे येऊन बसले. "चला, श्रोते आले," सर म्हणाले. सरांना एरवी विनोद जमत नसे, पण हा जमला होता, आणि पुढं तो लोकांना नको तेव्हा आठवायचा.

पहिले काही महिने सर स्वतःच बोलत. गांडूळखत, हुंडाबंदी, पाणी गाळून प्या. गाव ऐकतंय असं सर म्हणत, आणि गाव काहीच म्हणत नसे. मग एका सणाला सर आपल्या नातीला घेऊन बाजारगल्लीत दैवशालेच्या दुकानी आले आणि सगळंच फिरलं.

दैवशाला कासारीण. नवरा नागप्पा, सासू सिताबाई, रस्त्याला दुकान आणि दुकानामागं राहतं घर. मूलबाळ नव्हतं. माहेर उमरग्याचं, तिथं आई आणि धाकटा भाऊ सुरज. बांगड्या भरायला अख्खं गाव तिच्याकडं यायचं, कारण बांगडी भरणं हे हातापेक्षा तोंडाचं काम आहे आणि ते तिला साधलेलं होतं. काचेची बांगडी तंग मापाची भरायची असते. बाईनं हात आवळला की ती चढत नाही, फुटते, आणि रक्त काढते. म्हणून कासारीण बोलत राहते. सासूचं विचारते, म्हशीचं विचारते, माहेरचं विचारते. बाई बोलण्यात गुंतली की हात आपोआप सैल पडतो आणि बांगडी कधी मनगटावर आली ते कळतसुद्धा नाही. सरांची नात भोकाड पसरून बसली होती. दैवशालेनं तिला एका आंधळ्या म्हशीची गोष्ट सांगता सांगता दोन्ही हात भरले. सर ओट्यावर बसून ऐकत राहिले, आणि उठताना म्हणाले, "बाई, उद्या माळावर या. हेच तिथं बोला."

माइकपुढं मात्र ती पहिल्या दिवशी मुकीच झाली. समोर माणूस नाही, हातात हात नाही, बोलायचं कुणाशी? तिथं यंत्रावर रुबिना नावाची कॉलेजातली मुलगी बसायची. दैवशाला तिला म्हणाली, "बाळ, तुझा हात दे बरं जरा." रुबिनानं हात दिला. तो हातात धरून दैवशाला जी बोलायला लागली ती थांबेना. 'काकणवेळ' नावाचा कार्यक्रम असा सुरू झाला. दुपारी बाया निवडण-टिपण करताना तो लावू लागल्या, मग पुरुष बायांच्या आडून ऐकू लागले, मग दुकानदार म्हणाले आमचंही नाव घ्या. काटाघराला लागून आणखी एक खोली झाली. वर्षाच्या आत आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर रेडिओ चावडी वाजू लागला, आणि जिथं तो वाजायचा तिथं दैवशालेला आपल्याच घरातली बाई समजायचे.

हे असंच राहतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं.

एका दुपारी कार्यक्रम चालू असताना बब्रुवान धनगर वारल्याची खबर माळावर आली. त्याची दोन्ही पोरं मेंढरं घेऊन डोंगरात गेलेली. तिथं मोबाइलला रेंज नाही. पण मेंढक्याच्या गळ्यात रेडिओ असतो, तेवढीच सोबत. दैवशाला लोणच्याचं सांगत होती ती मध्येच थांबली. एक श्वास घेतला आणि शांतपणे म्हणाली, "बब्रुवान अण्णा गेले. पोरांनो, डोंगरात असाल तिथनं घरी या. गाव तुमच्यासाठी थांबलंय." पोरं दिवस मावळायच्या आत पोचली. बापाला खांदा मिळाला. त्या दिवशी गावानं रेडिओला खऱ्या अर्थानं आपलं म्हटलं.

दुसऱ्या आठवड्यात गल्लीतल्या मदिनाबीचे मालक बाबामियाँ गेले. मशिदीच्या भोंग्यावरून गल्लीला कळलं, पण वाड्यांवरच्या सोयऱ्यांना जनाज्याची वेळ दैवशालेनं सांगितली. मग रीतच पडली. घरात कुणी गेलं की एक माणूस रडत बसायचं आणि एक माणूस माळाकडं पळायचं. सरांनी त्याचा स्वतंत्र कार्यक्रम केला. सकाळी दूध घालायच्या वेळी आणि संध्याकाळी दिवेलागणीला, 'निरोप'.

दैवशालेनं त्याचे नियम घातले. घरचं माणूस समोर येऊन बसल्याशिवाय निरोप घ्यायचा नाही. एकदा घेतलेला निरोप दोन्ही वेळा वाचायचा. आणि वाचताना आवाज हलू द्यायचा नाही. "रडायचं ऐकणाऱ्यानं," ती रुबिनाला सांगायची. "वाचणारीच रडली तर त्या बिचाऱ्यांनी काय करायचं?" निरोप वाचताना ती रुबिनाचा हातही सोडायची. नाव घेण्याआधी एक श्वास थांबायची, मग नाव, मग गाव, मग वेळ आणि जागा. बस्स.

त्या एका श्वासानं घात केला.

कारण रेडिओ वाढत गेला तसा तो श्वासही वाढत गेला. दिवेलागणीला गल्लीतून चाललात तर कळायचं. घराघरात तोच आवाज, आणि तो थांबला की विळीवरची भाजी थांबायची, पाळण्याची दोरी थांबायची, दवाखान्यात कुणी ठेवलेलं असलं तर त्या घरातलं माणूस भिंतीला टेकायचं. नाव दुसऱ्याचं निघालं की सुटल्यासारखा श्वास सोडायचे, आणि मग सुटल्याची लाज वाटून 'अरेरे' म्हणायचे. पुढं पुढं तर रेडिओवर नाव आल्याशिवाय माणूस मेलंय असं कुणी धरेना. पाहुणे फोनवर विचारायचे, "निरोपात आलं का?" आलं नसेल तर गाडी काढत नसत. सर खूश होते. दैवशालेला मात्र हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली, आणि ती तिनं कुणाला सांगितली नाही. दुकानात बाया तिला टाळत होत्या.

आधी एकदोघींनी "आज दाजींकडनंच भरते" म्हटलं. नागप्पाही बांगड्या भरतो, कासारच तो, पण त्याला बोलता येत नाही, त्याच्या हातून बांगड्या फुटतात. तरी बाया फुटलेल्या काचा सोसायला तयार होत्या. मग शेजारच्या म्हाळसाबाईच्या सुनेला, उमाबाईला, दिवस गेले. सातव्या महिन्यात हिरव्या बांगड्या भरायचा दिवस आला. दैवशालेनं तिच्यासाठी चुडा बाजूला काढून ठेवला होता. म्हाळसाबाई सुनेला रिक्षात घालून उमरग्याला घेऊन गेली. दैवशाला ओट्यावर उभी होती. म्हाळसाबाईनं नजर चुकवली नाही, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. ती थांबून म्हणाली, "दैवशाला, तुझ्यावर राग न्हाय गं माझा. पण ज्या तोंडानं सकाळी मयताचं नाव घेतलं, त्याच तोंडानं तू माझ्या सुनेशी बोलणार, आन हात धरणार. माझं मन धजत न्हाय."

काढून ठेवलेला चुडा तिनं परत खोक्यात ठेवला. संध्याकाळी माळावर जाऊन सरांना म्हणाली, "सर, निरोप दुसऱ्या कुणाला द्या. मला काकणवेळच बरी." सर दुखावले. "बाई, लोक काकणवेळ ऐकत नाहीत आता. निरोपासाठी सेट चालू ठेवतात, तेवढ्यात मधलं कानावर पडतं. निरोप काढला तर रेडिओ बंद करावा लागेल." ते खरंच बोलत होते. रुबिनाही त्याच सुमाराला म्हणाली होती, "मावशी, राग मानू नका. निरोपानंतर तुमचा हात लई गार पडलेला असतो." त्यानंतर दोघी जणी हात न धरताच बसू लागल्या. दैवशालेला आता बोलायला कुणाचा हात लागत नव्हता.

मग तिची आई गेली. उमरग्याहून सुरजचा फोन आला तेव्हा ती माळावर पोचलेली होती, निरोपाची वेळ झाली होती आणि त्या दिवशी आणखी दोन नावं होती. रुबिना म्हणाली मी वाचते. दैवशालेनं नको म्हणून मान हलवली. तिला वाटलं, परक्यांसाठी जे केलं ते आईसाठी करू नये का? तिनं तिन्ही नावं वाचली. आईचं नाव मधलं होतं. श्वास तेवढाच, आवाज तसाच. वाचून झाल्यावर ती खोलीबाहेर गेली, मनोऱ्याच्या खांबाला धरून उभी राहिली आणि तिला ओकारी आली. पण हे कुणी ऐकलं नाही. उमरग्यात आईजवळ बसून सुरजनं जे ऐकलं ते निराळं होतं. दहाव्याला त्यानं तिला विचारलं, "आक्का, आईचं नाव घेताना तुझा आवाज हलला न्हाय. बाजारभाव सांगतेस तसं सांगितलंस. कसं जमलं तुला?" तिनं उत्तर दिलं असतं, पण चारचौघांत तिला ते सुचलं नाही. त्यानंतर भाऊबीजेला तो आला नाही.

एवढं झालं तरी ती सकाळ-संध्याकाळ माळावर जात राहिली. हट्टी होती, आणि आपण कामाच्या आहोत हे तिला कळत होतं. कामाचं माणूस आवडतं असतंच असं नाही, हे तिला उशिरा कळायचं होतं.

पावसानं ओढ दिलेली असताना एका सकाळी ती काटाघराचं कुलूप काढत होती. मनोऱ्यावरचा एक कावळा खाली झेपावला आणि तिच्या डोक्यावर बसला. नुसता पंख लागला नाही, चांगला बसला, नखं केसात रुतली, मग उडाला. समोरच्या रस्त्यानं दुधाचे कॅन घेऊन जाणाऱ्या दोघांनी ते पाहिलं, आणि निरोप वाचून ती घरी पोचायच्या आत सिताबाईला कळलं होतं.

डोक्यावर कावळा बसला की मरणाची वर्दी आली, असं आमच्याकडं मानतात. त्याला उतारा आहे. ते माणूस मेलं म्हणून नातेवाइकांना खोटंच कळवायचं. ते खऱ्या डोळ्यांनी रडले की मरणाचं त्या रडण्यावर भागतं आणि ते आल्या वाटेनं परत जातं. मग खरं सांगायचं, पाहुण्यांच्या शिव्या खायच्या आणि सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा. पूर्वी त्यासाठी माणूस धाडायचे. फोन आले तसं एका फोनवर काम होऊ लागलं.

"कावळ्याच्या शापानं गाय मरत न्हाय, आत्याबाई," दैवशाला म्हणाली.

"ते गाईला. तू कासाराची सून हायस," सिताबाई म्हणाली. म्हातारीचा सुनेवर जीव होता, फक्त तिला तो दाखवता येत नसे. "तुझ्या भावाला फोन लावते. तो रडला की झालं."

तिनं लावलाही. "सुरज, पोरा, आक्का गेली रे तुझी." मग सुरज म्हणाला, "रेडिओवर तर काय आलं न्हाय," आणि फोन ठेवला.

सिताबाई फोनकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मंग रेडिओवर येऊ दे."

दैवशाला हसली, चिडली, नियम सांगितला, सर काय म्हणतील ते सांगितलं. सर मुंबईला गेले होते. 'निरोप' कार्यक्रमाला कसलं तरी बक्षीस मिळालं होतं, ते घ्यायला. म्हातारीनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. दैवशालेलाही त्या दोन दिवसांत डोक्यावरची ती नखं पुन्हा पुन्हा जाणवायला लागली. वेणी घालताना हात तिथंच थांबायचा. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा वेगळंही एक काही तिच्या मनात शिरलं होतं. आपण गेलो असं ऐकून हे गाव काय करेल? इतक्यांची नावं घेतली, कुणाचा बाप वेळेवर पोचवला, कुणाच्या आईला माती मिळवून दिली. मेल्या म्हशीला मणभर दूध असतं. आपल्याला मणभर नको, पण शेरभर तरी निघेल. एकदा ऐकावं. असं कुणाला वाटत नाही?

ती सिताबाईला घेऊन माळावर गेली. रुबिना ऐकूनच उभी राहिली. "मावशी, नियम तुमचाच हाय. घरचं माणूस समोर बसल्याबिगर न्हाय."

"बसलंय की समोर," दैवशालेनं सासूकडं बोट केलं.

"माझा आवाज हलंल."

"हलू द्यायचा न्हाय. इतकी वर्षं काय शिकवलं मग तुला?"

ठरलं असं. मयत जिल्ह्याच्या दवाखान्यात आहे, दुपारी येईल, असं सांगायचं, म्हणजे लोक घरी येतील पण आत शिरायचे नाहीत. दैवशालेनं मागच्या खोलीत बांगड्यांच्या खोक्यांमागं बसायचं. एका जरी माणसाच्या डोळ्यात खरं पाणी आलं की सिताबाई आत आवाज देईल आणि तिनं हसत बाहेर यायचं. नागप्पाला हे पसंत नव्हतं. पण तो कधी काही बोललाच नव्हता, तेव्हा आता काय बोलणार? दुकान बंद करून तो पायरीवर बसला.

सकाळी रुबिनानं वाचलं. एक श्वास, मग नाव. आवाज हलला नाही.

लोक आले. त्यात खोट नाही. कावळा बसल्याचं गावाला कळलं होतं, पण निरोपात आलं ते खोटं असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. बाजारगल्ली भरली. बापे रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले आणि थोड्या वेळानं सोयाबीनवर बोलू लागले. बाया ओट्यावर आल्या. म्हाळसाबाईनं रीतीप्रमाणं हेल काढला, "माझ्या बाई गं, कशी गेलीस गं," आणि बाकीच्यांनी साथ दिली. सिताबाई एकेकीच्या गळ्यात पडत होती. गळ्यात पडून ती काय करत होती ते फक्त दैवशालेला ठाऊक होतं. म्हातारी डोळे तपासत होती. गाल चाचपत होती. एकीचा गाल ओला लागला म्हणून तिनं वाकून पाहिलं तर तो घाम होता.

हेल ओसरला. बोलणी सुरू झाली. फळीच्या भिंतीपलीकडून दैवशालेला शब्द न शब्द ऐकू येत होता.

"हात लई मऊ हुता तिचा."

"व्हय. हाताचं न्हाय कुणी म्हणत."

"माझी सासू आजारी हुती तवा रेडिओ माळ्यावर टाकला हुता आमी. हिचा आवाज लागला की म्हातारी डोळं मिटायची."

"आता ती रुबिना वाचंल. पोरगी हाय लहान. भ्या न्हाय वाटायचं."

मग म्हाळसाबाईचा आवाज आला, हळू, जवळजवळ प्रेमळ. "उमा, घरी जा. रेडिओ काढ खाली आन लाव. बाळाला गाणी ऐकू दे आता."

कुणी वाईट बोललं नाही. शिवी नाही, शाप नाही. एखादी शिवी ऐकू आली असती तर दैवशालेला बरं वाटलं असतं, तिनं बाहेर येऊन भांडण तरी काढलं असतं. गल्लीत फक्त हायसं वाटत होतं. लग्नघरी मोठं काम पार पडल्यावर लोक बसतात तसे ते बसले होते. सिताबाईनं एकदा फळीवर टिचकी मारून खूण केली, अजून नाही, अजून नाही.

मदिनाबी आली तेव्हा आशा वाटली. बाबामियाँच्या वेळी दैवशाला तिच्याजवळ रात्रभर बसली होती. मदिनाबी ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "बहोत लोगां का नाम ली बिचारी. आता अल्लाह तिला आराम देवो." फळीच्या फटीतून दिसले ते तिचे डोळे कोरडेच होते. मदिनाबीच्या डोळ्यांचं पाणी नवऱ्याच्या वेळीच संपलं असेल असं दैवशालेनं स्वतःला समजावलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा सुरज आला. मोटारसायकल लावली, पायरीवर नागप्पाजवळ टेकला. सिताबाई पुढं झाली आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून डोळ्यांत बघू लागली. सगळं आता त्याच्यावर होतं. सख्खा भाऊ. पाठचा.

"कुणी वाचलं, दाजी?" त्यानं विचारलं.

"रुबिनानं," नागप्पा म्हणाला.

"तिचा आवाज हलला का?"

"न्हाय."

"तिनंच शिकवलं असंल." सुरजनं सिताबाईचे हात हळूच बाजूला केले. "आत्या, वाटंत म्या लई बघितलं. गाडी थांबवून बघितलं. रडू येत न्हाय मला. आईच्या वेळी तिनं जे वाचलं, ते ऐकून माझं आत काय तरी वाळून गेलं. आता ओलं हुत न्हाय. कधी आणायचं मयत? म्या जाऊ का आणायला?"

सिताबाई फळीच्या भिंतीकडं बघत होती. सुरज उठला, गाडीची किल्ली हातात घेतली. आणि खोक्यांमागून दैवशाला आपण होऊन उठली, दुकानातून चालत ओट्यावर आली आणि म्हणाली, "जाऊ नको, सुरज. म्या हितंच हाय."

रीत अशी आहे की इथं लोक हसतात. शिव्या देतात, पाठीत धपाटे घालतात, चहाचं आधण चढतं. गल्लीत कुणी हसलं नाही. बाया ओट्यावरून उतरल्या आणि पदर सावरत मागं सरल्या. म्हाळसाबाई घराकडं वळली ती मागं न बघता. बापे एकेक करत उठले. सगळ्यांना कळलं होतं की आपण जे बोललो ते हिनं ऐकलंय, आणि तिला कळलं होतं की त्यांना ते कळलंय. असं झाल्यावर बोलायचं काय असतं?

सुरज तेवढा थांबला होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "कावळा बसला व्हय," तो म्हणाला. "मला आत्यांनी फोनवर सांगितलं असतं तर आलो असतो, आक्का. नुसतं कावळा बसलाय, ये, एवढं." मग गाडीवर बसताना म्हणाला, "आता पुढच्या बारीला कोण ईल, सांग बरं?" गाडी उमरग्याच्या रस्त्याला लागल्याचा आवाज तिला वळणापर्यंत ऐकू आला.

नागप्पा माळावर जायला उठला. निरोप मागं घ्यायला हवा होता, नाहीतर दिवेलागणीला पुन्हा वाचला जाणार. सिताबाईनं त्याला अडवलं. "राहू दे. गावाला कळलंय, वाड्यांवर न्हाय कळलं अजून. तिकडं तरी कुणी रडंल. बब्रुवानची पोरं हायेत." दैवशाला भिंतीला टेकून बसली होती. नागप्पा तिच्याशेजारी येऊन टेकला.

दिवे लागले. फळीवरचा रेडिओ सिताबाईनं स्वतः लावला. गल्लीत घराघरातून आवाज येत होता, किती तरी दिवसांनी मोठ्यानं, उमाबाईच्या घरातूनही. रुबिना 'निरोप' म्हणाली आणि थांबली.

दैवशालेनं तो श्वास हजारो वेळा घेतला होता, पण या बाजूनं कधी ऐकला नव्हता. माळावर तो केवढासा असायचा. इथं तो संपेना. तिला वाटलं, आता आईचं नाव येईल. मग नागप्पाचं येईल असं वाटलं, आणि तिनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. लोक इतकी वर्षं हे सोसत होते, रोज दोन वेळा, आणि तिला वाटत होतं की आपण त्यांच्या उपयोगी पडतोय.

"दैवशाला नागप्पा कासार," रुबिना म्हणाली. "राहणार चिंचसांगवी."

आवाज हलला नाही. फार चांगलं वाचलं पोरीनं. आणि दैवशालेला रडू आलं. आईच्या वेळचं, खांबाशी उभं राहून गिळलेलं, सगळं एकदम आलं, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं. समोरच्या घरात कुणी तरी रेडिओ बंद केला.

सिताबाई लगबगीनं दिवा घेऊन आली. सुनेच्या तोंडापाशी धरून तिनं नीट पाहिलं. खरं पाणी होतं, भरपूर होतं, गळ्यापर्यंत ओघळलं होतं. म्हातारीनं ते पदरानं टिपलं आणि बराच वेळ टिपतच राहिली.

"आपलं आपण रडल्यालं चालत न्हाय गं बाय," ती म्हणाली, आणि दिवा खाली ठेवून सुनेजवळ बसली.